नाचण आणि करवानक

नाचण आमच्या फाटकाच्या आत येणार नाही, असे मी नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी सांगितले होते, आणि पुढची चाळीस वर्षे आमच्या लिंडेनटाल गावात तो शब्द कोणी ओलांडला नाही. माझा मुलगा ओलांडू शकला नाही, पाद्री ओलांडू शकले नाहीत. खोऱ्यातल्या मोटार क्लबाचे अध्यक्ष एकामागून एक माझ्या व्हरांड्यात बसून कॉफी प्यायले, केक खाऊन तोंडभर स्तुती करून गेले, पण ज्या कामासाठी आले होते ते काम तसेच घेऊन गेले. तो शब्द अखेर मीच फिरवला. माझा शब्द फिरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता आणि नाही.

नाचण ही मोटारगाडी. माझे पती लोथार क्लाइनिग यांनी ती आमच्या द्राक्षे भरण्याच्या शेडमध्ये घडवली. त्याच शेडमध्ये, त्याच लाकडी साच्यावर, माझा धाकटा दीर ब्रूनो याने दुसरी घडवली. तिचे नाव करवानक. त्या काळी शर्यतीच्या गाड्या समुद्रापलीकडून येत आणि शहरातल्या श्रीमंतांच्या दारी उभ्या राहत. बाकीच्यांनी आपापल्या शेडमध्ये हात काळे करायचे. लढाई संपल्यावर विमानांचा भंगार पत्रा मिळू लागला होता, पोलादी नळ्या मिळत होत्या, आणि घरगुती मोटारीचे एखादे लहान इंजिन कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडतच असे. दोघा भावांनी एवढ्यावरच संसार मांडला.

नावे पाखरांची. नाचण हा आमच्याकडचा काळापांढरा, मुठीएवढा पक्षी. घोड्याच्या नाकासमोर शेपटी उडवीत नाचतो आणि कोणाला भीत नाही. करवानक उंच पायांचा, मोठ्या डोळ्यांचा. दिवसभर गप्प उभा असतो आणि सांज झाली की असा ओरडतो की माळावर कोणी हरवले आहे असे वाटावे. त्या ओरडण्याला खोऱ्यातली जुनी माणसे अशुभ मानीत. आता तो पक्षी आमच्याकडे उरलेला नाही.

दोन्ही गाड्यांचा शत्रू एकच होता, वजन. पण त्याच्याशी लढण्याची दोघांची रीत दोघांच्या स्वभावासारखी होती. लोथार प्रत्येक भाग आधी पुरता घडवी आणि मग ड्रिल घेऊन त्यातला जेवढा धातू काढता येईल तेवढा काढी. पायाखालच्या पट्ट्या, गिअरचा दांडा, आसनाचे कोन, सगळ्यांना ओळीने भोके, मोठ्याकडून लहानाकडे उतरत गेलेली. प्रत्येक भोकाची कड तो बोटाला पॉलिश कागद गुंडाळून गुळगुळीत करी. धारदार कडेतून तडा जन्मतो, असे तो म्हणे. ब्रूनो काही काढीत नसे, कारण तो काही लावीतच नसे. दार नाही, काच नाही, डिकी नाही. समोर एकच तबकडी, आणि तीसुद्धा मोठ्या भावाने आग्रह केला म्हणून. "जे लावलंच नाही ते तुटत नाही," एवढे त्याचे तत्त्वज्ञान, आणि इतके लांब वाक्यही तो वर्षाकाठी एकदाच बोले.

आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, ईस्टर द्राक्षतोडणीनंतर पानगळीत येतो, आणि गावात त्याला जोडून एक रिवाज होता. द्राक्षांची शेवटची गाडी वाइनरीच्या वजनकाट्यावरून उतरली की दुसऱ्या दिवशी त्याच काट्यावर शर्यतीच्या गाड्या चढवायच्या. ज्याची गाडी हलकी भरेल, त्याने ईस्टरच्या सोमवारी टेकडीच्या शर्यतीत, जिथे गाड्या एकेक करून चढतात, सर्वांत शेवटी चढायचे, तो मान. ज्याची जड भरेल, त्याने तोडणीच्या बादल्या धुवायच्या. दरवर्षी ब्रूनोच बादल्या धुवी. लोथार कट्ट्यावर बसून पाय हलवीत म्हणे, "लहानग्या, त्या बादल्यांना तुझ्या हाताची सवय झालीय रे. मी हरलो तर रडतील बिचाऱ्या." ब्रूनो मान खाली घालून हसे आणि धुवीत राही.

नाचणीची आणखी एक गोष्ट होती, ती दुसऱ्या कोणत्याही गाडीत नव्हती. पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दोन पोलादी दांड्या वाऱ्यात उघड्या असत आणि लोथारने त्यांनाही भोके पाडली होती. गाडी वेगात आली की वारा त्या भोकांतून जाई आणि नाचण शीळ घाली. टेकडी आमच्या स्वयंपाकघरापासून दूर नाही. मी तिथे जात नसे. नवऱ्याला घाई करताना पाहणे बायकोला शोभत नाही, असे माझे मत होते आणि आहे. पण शिळेवरून मला गाडी कोणत्या वळणावर आहे ते कळे. पहिल्या वळणावर खालचा सूर, दुसऱ्यावर चढता, तिसऱ्यापुढे इतका बारीक की कुत्री कान टवकारीत.

सत्तावन साली ईस्टरच्या सोमवारी ती शीळ तिसऱ्या वळणावर तुटली. मी बरणीत काकड्यांवर द्राक्षाची पाने दाबत होते. मी बरणीचे झाकण लावले, हात धुतले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. कोणी येऊन सांगण्याची मला गरज पडली नाही.

गाडीचा सांगाडा भंगारवाल्याने न्यावा, असे मी सांगितले. तो नेताना मी पाहिले नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात कोणीतरी बोलले की लोथारने त्या दांड्यांना नव्हे, स्वतःच्या नशिबाला भोके पाडली. एखादी दांडी मोडली असणार, दुसरे काय होणार. मी ते ऐकले. ब्रूनोनेही ऐकले. आम्ही दोघेही आपापल्या बाकावर जाऊन बसलो.

पुढच्या वर्षी वजनकाट्यावर करवानक आधीपेक्षा हलकी भरली. थोडीच, पण काट्याचा मुंडा, ते सरकते वजन, हलला तो सगळ्यांना दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय काढलेस, असे विचारले तेव्हा त्याने नुसते खांदे उडवले, आणि त्या ईस्टरला तो टेकडीवर सर्वांत शेवटी चढला. त्यानंतर मरेपर्यंत दरवर्षी चढला. त्याने लग्न केले नाही; मागच्या खोलीत राहिला. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तो करवानकेच्या पुढच्या दांड्यांवर नवे कातडे शिवीत बसे, धूळ जाऊ नये म्हणून. मला वाटे, माणूस वयाप्रमाणे किरकिरा होतोच.

तो गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात, उत्तरेचा तापलेला वारा सुटला असता, मी पुन्हा शीळ ऐकली.

खालचा सूर, मग चढता, आणि मग तुटली. तिसऱ्या वळणावर तुटावी तशीच. मी खिडकी बंद केली. त्यानंतर उत्तरेचा वारा सुटला की ती येई आणि दर वेळी तिथेच तुटे. मी कोणाला सांगितले नाही. भूत पाहिलेली बाई आणि भुताला भ्यालेली बाई यांत लोक फरक करीत नाहीत, आणि ह्या घराचा कारभार मला चालवायचा होता. उत्तरेकडच्या खिडक्या त्या दिवशी बंद राहत. घरात कोणी उकाड्याची तक्रार केली, तर मी त्याला बागेत जाऊन बसायला सांगे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माझी नात मार्लीस हिने करवानक पुन्हा चालती केली. ती ट्रॅक्टरच्या कारखान्यात जोडकाम करते. हात आजोबांसारखे, जीभ दुर्दैवाने माझ्यासारखी. आदला हिवाळाभर ती शेडमध्ये होती. इंजिन उघडले, ब्रेक नवे केले, चाके नवी आणली. फक्त पुढच्या दांड्यांवरचे कातडे तिने तसेच ठेवले. ब्रूनोच्या हातची शिवण उसवायला तिचे मन धजले नाही, आणि क्लबाचे तपासनीसही त्या काळ्या, तेलकट कातड्याकडे पाहून टोपीला हात लावून पुढे गेले. मृताच्या हातच्या कामाला आमच्याकडे असाच मान देतात. ईस्टरच्या सोमवारी मार्लीस ती गाडी टेकडीवर नेणार होती. मी परवानगी दिली होती. करवानकेने कधी कोणाचे वाईट केले नव्हते.

मग बॅलरॅट शहराहून श्रीयुत कॉरिगन यांचे पत्र आले. निवृत्त दंतवैद्य. बंदरावरच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना नाचणीचा सांगाडा सापडला होता आणि कित्येक वर्षे खपून त्यांनी तो उभा केला होता. त्यांची एवढीच इच्छा होती की सोमवारच्या आधी दोन्ही गाड्या एकदा शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात, ज्या आवारात जन्मल्या त्या आवारात. मी नकार कळवला. पुन्हा पत्र आले, पुन्हा नकार.

मार्लीस स्वयंपाकघरात आली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. मला टेबलाला टेकलेली माणसे आवडत नाहीत.

"ओमा, एक विचारू? तू त्या गाडीला भितेस का?"

आमच्या जुन्या भाषेत ओमा म्हणजे आजी, आणि ह्या घरात आजीला असा प्रश्न विचारणारी ती पहिली. मी तिला टेबलापासून सरळ उभे राहायला लावले आणि सांगितले की शनिवारी, कॉफीनंतर, गाडी फाटकाच्या आत आणायला हरकत नाही.

कॉरिगन गोल चेहऱ्याचे, बोलके गृहस्थ निघाले. केकचा दुसरा तुकडा मागून घेतला, हे मला आवडले. गाड्यांविषयी बोलताना म्हणाले, "मिसेस क्लाइनिग, तुमच्या साहेबांचं आणि माझं काम एकच बघा. मीही जन्मभर भोकंच पाडली. फरक इतकाच की मी ती बुजवायचोसुद्धा." मार्लीसने कपात तोंड लपवले. मी हसले नाही, पण त्यांना आणखी कॉफी दिली.

मग आम्ही आवारात गेलो. चाळीस वर्षे जिला मी दाराबाहेर ठेवले ती कमरेएवढीही उंच नसलेली एक लहानशी गाडी होती, पोटाशी पाय घेऊन बसलेल्या वासरासारखी. शेजारी करवानक. एकाच साच्यातल्या दोघी. मागून पाहिल्या तर जुळ्या. जवळ गेल्यावर मात्र एकीचे अंग चाळणीसारखे आणि दुसरीचे नुसते कोरे. कॉरिगन वाकवाकून दाखवू लागले. त्यांचे म्हणणे असे की नाचणीत बसले की चालकाला प्रत्येक गोष्ट हाताशी सापडते, घडवणाऱ्याने प्रत्येकीचा विचार केलेला जाणवतो. करवानकेत बसले की आपण आणि रस्ता, बाकी काही नाही. हलकी कोण, हा वाद त्यांच्या मते कधी मिटणार नव्हता. एकाने वजन काढले, दुसऱ्याने येऊच दिले नाही.

मी नाचणीच्या गिअरच्या दांड्यावर बोट ठेवले. भोकांच्या कडा गुळगुळीत होत्या. तो हात मी ओळखला. मला वाटले होते की काहीतरी होईल, छातीत किंवा गुडघ्यात. काही झाले नाही, आणि ते मला बरे वाटले नाही. गाडी रिकामी होती. ज्याला मी इतकी वर्षे बाहेर अडवून धरले होते तो तिच्यात नव्हताच.

तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला. आवारात धूळ उठली. मार्लीसने करवानक ढकलत शेडमध्ये नेली आणि नेहमीच्या जागी, उत्तरेच्या फटी पडलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. मी कॉरिगनना सांगितले की नाचण फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून एकदा नेऊन आणा, आणि रेंगाळत नेऊ नका.

ते गेले आणि आले. इंजिन गरजले, खडी उडाली. शीळ नव्हती. मी त्यांना पुन्हा जायला लावले. पुन्हा तेच.

त्यांनी इंजिन बंद केले. मी विचारले की हिची शीळ कुठे आहे. त्यांना आधी कळलेच नाही. मग गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसून त्यांनी सांगितले की सांगाडा सापडला तेव्हा पुढच्या दोन्ही दांड्या त्यात नव्हत्याच. मोडलेल्या नव्हत्या, कोणीतरी पान्याने नीट सोडवून नेल्या होत्या आणि नट जिथल्या तिथे हाताने परत बसवले होते. ह्या दांड्या त्यांनी स्वतः करून घेतलेल्या, भरीव. "दातांत चालतील, पण स्टिअरिंगमध्ये मला भोकं नकोत," असे ते म्हणाले.

आणि तेव्हाच ती आली. खालचा सूर. मग चढता.

रस्त्यावर गाडी नव्हती, टेकडीवर कोणी नव्हते. मी फाटकाचा गज धरला. शीळ तुटली.

कॉरिगन मान वळवून शेडकडे पाहत होते. मार्लीस हात पुसत बाहेर आली आणि आमचे चेहरे पाहून थांबली.

"काय झालं? शेड वाजतेय नुसती. उत्तरेचा वारा असला की वाजते ती."

"केव्हापासून?" मी विचारले.

"मी लहान होते तेव्हापासून. झोताने फळी हलते, मग बंद पडते."

"मला कोणी सांगितले नाही."

"तू खिडक्या लावून बसतेस, ओमा. तुला कोण सांगणार?"

 मी शेडकडे चालू लागले. चालताना एकच विचार मनात होता, आणि तो इतका साधा होता की मला स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने आपल्या गाडीला दार लावले नाही, काच लावली नाही, एक तबकडी लावली तीही नाखुषीने, त्याने त्या दांड्यांना कातडे का शिवले? न लावणे हाच ज्याचा धर्म, त्याने दरवर्षी उपवासात बसून, सुई टोचून घेत, एवढे एकच जास्तीचे काय म्हणून लावले?

मी मार्लीसला सुरी आणायला सांगितली. शिवण उसवायला ती तयार होईना. मी म्हणाले की ब्रूनो माझा दीर होता आणि त्याच्या शिवणीची परवानगी द्यायला ह्या घरात आता मीच आहे.

कातडे वरून धड होते. खालून ते विरून फाटले होते, जिथे कोणी पाहत नाही तिथे. मार्लीसने ते बाजूला केले. आत पोलाद, आणि पोलादात भोके ओळीने, मोठ्याकडून लहानाकडे.

 कॉरिगननी टोपी काढली होती. भिंतीच्या फटीतून वारा आला आणि आमच्यासमोर, हातभर अंतरावर, ती दांडी वाजली. मार्लीसने एकदम हात मागे घेतला.

त्या एका क्षणात मला वजनकाट्याचा हललेला मुंडा दिसला. काही न काढता हलकी झालेली गाडी, टाळ्या वाजवणारे लोक, खांदे उडवणारा ब्रूनो. चर्चच्या दारात जे बोलले गेले त्याला त्याने उत्तर दिले होते. भावाच्या दांड्या मोडल्या नव्हत्या, हे त्याने सांगाडा पाहून जाणले. पण तो बोलणारा माणूस नव्हता. त्याने त्या स्वतःच्या गाडीला लावल्या, झाकल्या, आणि मरेपर्यंत त्यांच्या भरवशावर टेकडी चढत राहिला. कोणाला दाखवण्यासाठी नाही. मला सांगितले असते तर मी त्या काढायला लावल्या असत्या. हे त्याला माहीत होते.

मार्लीसचे डोळे चमकत होते. ती म्हणाली की आता तर काही प्रश्नच नाही. दोन्ही आजोबांची मिळून एक गाडी, आणि सोमवारी ती शीळ घालत वर जाईल, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल. कॉरिगनही भारावले होते. असे काही त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. दांड्या आहेत तिथेच राहू द्याव्यात, असे त्यांचेही मत पडले.

"दांड्या काढ," मी मार्लीसला म्हणाले. "आणि स्वयंपाकघरात आण."

"ओमा, परवा शर्यत आहे."

"म्हणूनच."

लोथार असताना प्रत्येक हंगामाआधी हे काम माझ्या टेबलावर होई. पोलाद रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचे आणि स्पिरिटात कालवलेल्या खडूचा पातळ हात द्यायचा. धातू अखंड असेल तर पांढरे पांढरेच राहते. कुठे तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि खडूवर रेघ उमटते. डोळ्याला जे दिसत नाही ते असे दिसते. लोथार गेल्यापासून रॉकेलचे ते भांडे मी काढले नव्हते. कपाटाच्या तळाशी जागच्या जागी होते.

खडू वाळेपर्यंत मी त्यांना जेवायला वाढले. मार्लीसने ताटाला हात लावला नाही. डावी दांडी पांढरी राहिली. उजवीवर, सर्वांत लहान भोकापासून, केसाएवढी एक करडी रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत काठापर्यंत गेली.

मी त्या भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. बाकीची गुळगुळीत होती. हे एकच खरखरीत राहिले होते, बोट आत जाणार नाही इतके लहान. वजनकाट्याच्या आदल्या दिवशी घाईने पाडलेले असावे, बादल्या धुवाव्या लागू नयेत म्हणून. लोथार कशाने गेला ते मला आजही ठाऊक नाही. दांडी मोडून गेला नाही, एवढेच आता ठाऊक आहे. पण त्या सोमवारी मार्लीस त्या दांडीवर तिसऱ्या वळणाला गेली असती.

कॉरिगननी चष्मा काढून पुसला. मग नातीकडे न पाहता म्हणाले, "पोरी, माझी घेऊन जा. तिच्यात पुढे काही मजा नाही. सगळं भरीव आहे."

मार्लीस माझ्याकडे पाहत होती. तिने मागितले नाही. त्या क्षणी तिने मागितले असते तर मी नाही म्हटले असते, हे तिला कळले असावे. बाहेर वारा पडला होता. इतकी वर्षे उत्तरेच्या खिडकीशी येऊन कोणीतरी तोच एक इशारा देत होते, आणि मी दर वेळी उठून खिडकी लावली होती. असे मी म्हणत नाही. फळीच हलत होती. पण टेबलाशी बसून मला तसे वाटले, आणि जे वाटले ते मी लिहिते आहे.

"नाचण ने," मी म्हणाले. "आणि केस बांधून जा. मोकळे सोडून जायचे नाही."

त्या रात्री मी नाताळच्या उरलेल्या मेणबत्तीचे मेण वितळवून त्या उजव्या दांडीची सगळी भोके बुजवली. फडक्यात गुंडाळून ती माझ्या हातपिशवीत ठेवली. तिला घरात एकटी ठेवायला मी तयार नव्हते.

सोमवारी मी पहिल्यांदा टेकडीवर गेले. लोकांनी वाट करून दिली. खुर्ची आणली ती मी तिसऱ्या वळणावर ठेवायला लावली. वाऱ्याचे नाव नव्हते. द्राक्षाच्या पिवळ्या पानांतले एकही हलत नव्हते. कॉरिगन माझ्या शेजारी उभे होते आणि हातातली टोपी गोल गोल फिरवत होते. सकाळी नाचणीसाठी वजनकाटा पुन्हा उघडला तेव्हा ती सर्वांत हलकी भरली होती, म्हणून ती शेवटी सुटणार होती.

खाली झेंडा पडला. इंजिनाचा आवाज आला, आणि त्या आवाजाच्या आत, अगदी बारीक, खालचा सूर.

मी पिशवी दोन्ही हातांनी धरली. सूर पहिले वळण ओलांडून आला, दुसऱ्यावर चढला. बांधावरचे कोणाचे तरी कुत्रे उठून उभे राहिले. मग गाडी आमच्यासमोर आली, लहान, पांढरी, मार्लीसची मान आत झुकलेली, आणि तिसऱ्या वळणावर शीळ वाजतच राहिली. ती तुटली नाही. ती वळणापलीकडे गेली, बारीक होत गेली, जिथपर्यंत मी ती कधीच ऐकली नव्हती तिथपर्यंत, आणि माथ्यावर पोचून आपणहून थांबली.

कॉरिगनच्या हातातली टोपी फिरायची थांबली होती.

"मिसेस क्लाइनिग," ते हळूच म्हणाले, "त्या दांड्या भरीव आहेत हो."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "टोपी घाला. ऊन लागेल."

मार्लीस खाली आली तेव्हा हसत होती. वर जाताना कोणीतरी शेजारी बसल्यासारखे वाटले का, असे मला विचारायचे होते. मी विचारले नाही. केस सुटले आहेत एवढे सांगितले. पिशवी उघडून मेण जागच्या जागी आहे का ते पाहण्याची मला गरज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात उत्तरेचा वारा आला. मी स्वतः उठून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि काकड्यांच्या बरण्या पुढे घेऊन बसले. पडदे उडाले, धूळ टेबलावर आली. दांड्या निघाल्यापासून शेड गप्प होती. मी पाने दाबत राहिले आणि ऐकत राहिले. अंधारून येईपर्यंत मी खिडकी लावली नाही.